अंदाज आधी लिहून ठेवा

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सुरुवातीलाच एक पट्टी हातात येते. तिच्यावर दोन आडव्या रेघा असतात. एकीच्या टोकांना बाणाची पाती आत, रेघेवरच दुमडलेली. दुसरीच्या टोकांना तीच पाती बाहेर फाकलेली. पट्टीचा एक भाग सरकतो. तो मागेपुढे करून दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या करायच्या आणि ‘झाल्या’ म्हणायचं, एवढंच काम. ज्याच्यावर प्रयोग चालतो त्याला मराठी पाठ्यपुस्तकं ‘प्रयुक्त’ म्हणतात. प्रयुक्त मन लावून रेघा जुळवतो, पट्टी उलटी केली जाते आणि मागच्या मिलिमीटरच्या खुणा चूक दाखवतात. पुन्हा केलं तरी चुकतं. सरावाने चूक थोडी कमी होते, पण जात नाही. फ्रान्झ म्युलर-लायर या जर्मन अभ्यासकाने १८८९ साली ही आकृती पुढे आणली, आणि जगभरच्या लाखो विद्यार्थ्यांनी ती सरकवून पाहिली असेल. या पट्टीपाशी थोडं थांबावंसं वाटतं, ते एका कारणासाठी. फसगत कशी होते हे समजल्यावरही डोळा ऐकत नाही. रेघा सारख्या आहेत हे डोक्याला ठाऊक असतं आणि डोळ्याला त्या लहानमोठ्याच दिसत राहतात.

दोन रेघांची ही कथा, तर माणसांचं काय होत असेल? शेजाऱ्याचा स्वभाव, मुलाची हुशारी, सुनेचा राग, आपल्याच लहानपणच्या आठवणी यांबद्दल आपण फार ठामपणे बोलतो, आणि तिथे उलटी करून पाहायला पट्टीही नसते. मानसशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमाचं मोल मला इथे दिसतं. मनाबद्दलची आपली खात्री तपासून घेण्याची सवय तो लावू शकतो. पुढे जाऊन जे मानसशास्त्रज्ञ होतील ते ती सवय कुठेतरी शिकतीलच. जे कधीच होणार नाहीत, त्यांना ती या एका वर्षातच मिळाली तर मिळाली. आणि ती मिळायची असेल तर पुस्तकात छापलेली मनं पुरत नाहीत. वर्गाच्या खिडकीबाहेरची मनंही अभ्यासात यावी लागतात. हे म्हणणं मोठ्या शहरातल्या नामांकित महाविद्यालयाला धरून मांडणं सोपं आहे. ते तीर्थपुरीसारख्या गावाला धरून टिकतं का, हे पाहायला हवं.

तीर्थपुरी जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी जिथे येतं तिथे ऊस, आणि त्या उसासाठी सागर साखर कारखाना; पाणी पोचत नाही तिथे कापूस, तूर, सोयाबीन आणि आभाळाकडे लागलेले डोळे. अशा भागातला मुलगा किंवा मुलगी अकरावीला अथवा बी. ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेते, तेव्हा त्यामागे पुष्कळदा विषयांच्या गटाचा नाहीतर स्पर्धा परीक्षेचा हिशोब असतो. वहीच्या पहिल्या पानावर व्याख्या येते. मग विल्हेल्म वुंट, लाइपझिग, १८७९, पहिली प्रयोगशाळा. मग विल्यम जेम्स आणि त्याचा १८९० सालचा ग्रंथ, पाव्हलॉव्हचा कुत्रा, फ्रॉइडचं अबोध मन. ही नावं शिकवू नयेत असं कोणीच म्हणणार नाही. पण वर्षअखेर वहीत नावं आणि सनावळ्या उरतात आणि विद्यार्थी घरी परततो तेव्हा घरातल्या माणसांबद्दलचे त्याचे जुने निवाडे जसेच्या तसे असतात. रसायनशास्त्र शिकून जो मुलगा घरी येतो, त्याच्या घरी रसायनशास्त्राबद्दल कोणाचंच ठाम मत नसतं. मनाबद्दल मात्र प्रत्येक घरात पक्की मतं असतात, आणि ती मुलाच्या आधी तिथे राहायला आलेली असतात. या विषयाची खरी अडचण तीच आहे.

या तालुक्यात तर मनाबद्दल बोलायची परंपरा फार जुनी. जांब हे गाव घनसावंगी तालुक्यातलंच. तिथे १६०८ साली नारायण सूर्याजी ठोसर जन्मले, जे पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखले गेले. मनाच्या श्लोकांची संख्या २०५ आहे, आणि त्यातलं बोलणं थेट मनाशी आहे: समोर बसवून, समजावून, दरडावून. या भागातली कित्येक माणसं शाळेत जाण्याआधी ते ऐकत आली. म्हणून इथला कोणी विचारेल, की मनाची ओळख करून द्यायला आम्हाला लाइपझिग कशाला हवं? प्रश्न रास्त आहे. त्याला उडवून लावणारा शिक्षक वर्गाचा विश्वास गमावील. पण मनाचे श्लोक मनाला वळण लावू पाहतात; मन मुळात कसं चालतं, हे ते शोधायला बसलेले नाहीत. समर्थांचं निरीक्षण पाहायचं तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकात जावं. तिथे मूर्खाची लक्षणं एकामागून एक येतात, आणि दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची. माणसं खूप जवळून, खूप वर्षं पाहिल्याशिवाय ती यादी होत नाही. ती वाचताना मात्र एक गोष्ट घडते. मूर्खाच्या लक्षणांत वाचणाऱ्याला बहुधा दुसरा कोणीतरी दिसतो. समर्थांना ती अडचण ठाऊक असावी, म्हणूनच शिकलेल्यासाठी त्यांनी वेगळा समास लिहिला. प्रायोगिक मानसशास्त्र याच जागी एक काम जोडून देतं: आपण स्वतःला वगळतो का, किती वगळतो, हे मोजून पाहण्याचं. म्हणून जांब आणि लाइपझिग यांतून एकाची निवड करायची गरज नाही. दासबोधातलं एखादं लक्षण घ्यावं आणि ते वर्गात तपासायचं कसं, हे मुलांनाच विचारावं. त्या प्रश्नावर तास सहज भरेल.

आता सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप. हे सगळं आम्हाला ठाऊकच आहे, मानसशास्त्र फक्त त्याला अवघड नावं देतं. याला पॉल लॅझर्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९४९ साली दिलेलं उत्तर अजून जुनं झालेलं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांवर मोठा अभ्यास झाला होता. त्याचा परिचय करून देताना त्याने काही निष्कर्ष मांडले. कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त शिकलेल्या सैनिकांत मानसिक ताणाची लक्षणं अधिक आढळली. खेड्यातून आलेले सैनिक शहरातल्यांपेक्षा लष्करी जीवनात अधिक समाधानी होते. वाचणारा मान डोलावतो. शिकलेला माणूस जास्त विचार करतो, खेड्यातला कष्टाला सरावलेला असतो, हे सांगायला अभ्यास कशाला? मग लॅझर्सफेल्ड सांगतो, की यातलं प्रत्येक विधान उलटं आहे. प्रत्यक्षात नेमकं याच्या विरुद्ध आढळलं. आणि ते उलटं विधान आधी सांगितलं असतं तर त्यालाही आपण तितक्याच सहजपणे मान डोलावली असती. म्हणून या विषयाच्या प्रत्येक तासाला एक नियम असावा असं मला वाटतं. प्रयोग सांगायचा, निकाल सांगायचा नाही. आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, सही करायची, मग पुढे जायचं. अंदाज कागदावर उतरला, की ‘मला माहीतच होतं’ म्हणण्याची सोय राहत नाही. अशा तीस-चाळीस अंदाजांचं पान वर्षअखेर विद्यार्थ्यासमोर असेल, तर वुंटचं साल विसरलं तरी फार बिघडणार नाही.

याच ओळीत बर्ट्रम फोररचा प्रयोग येतो. १९४८ साली त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं व्यक्तिचित्र’ म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी ते कितपत अचूक आहे याला पाचापैकी गुण दिले. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं बरीचशी भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. हा प्रयोग मराठी वर्गात करायला काहीच लागत नाही. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य पुरतं. शिवाय आपल्याकडे याच्या शेजारी ठेवायला आपला स्वतःचा पुरावा आहे. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. हुशार म्हणून गणल्या गेलेल्या १०० मुलांच्या आणि मतिमंदत्व असलेल्या १०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. चाचणीत उतरलेल्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातल्या मुलाची ते सांगायला सांगितलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के होतं; नाणं उडवून उत्तरं दिली असती तर निम्मी बरोबर येण्याची अपेक्षा धरतात. मला या चाचणीत ज्योतिषावरच्या निकालाइतकीच तिची रचना शिकवण्याजोगी वाटते. वाद घालण्याऐवजी अगोदर ठरवलं, की काय आलं तर काय मानायचं; पत्रिकांवर नावं ठेवली नाहीत; पत्रिकांची संख्या पुरेशी घेतली. ज्या घरात पत्रिका पाहिल्याशिवाय लग्न ठरत नाही, त्या घरातल्या मुलीला ही रचना समजणं, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा मोलाचं आहे. तिने घरी जाऊन भांडावं असं नाही. पुरावा कशाला म्हणतात हे तिला कळलेलं असावं.

आठवणीचा धडा तर गावाच्या रोजच्या व्यवहारातला आहे. बांधावरून भांडण होतं, जबाब होतात, पंचनामा होतो, आणि दोन प्रामाणिक माणसं दोन वेगळ्या गोष्टी शपथेवर सांगतात. गावाचा निवाडा ठरलेला असतो: दोघांतला एक खोटं बोलतोय. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी चित्रफीत दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या पन्नास जणांना विचारताना ‘लागल्या’ऐवजी जोरदार धडकेचा शब्द वापरला. आठवड्याने दोन्ही गटांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? चित्रफितीत काचा नव्हत्या. साधा शब्द ऐकलेल्यांपैकी ७ जणांना काचा ‘आठवल्या’, जोराचा शब्द ऐकलेल्यांपैकी १६ जणांना. त्यांच्यात खोटं कोणीच बोलत नव्हतं. प्रश्नातला शब्द आठवणीत जाऊन बसला होता. तीर्थपुरीतल्या वर्गात पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं असतील. त्यांतल्या एखाद्याला उद्या जबाब नोंदवायचा आहे. ‘हातात काही होतं का?’ आणि ‘कुऱ्हाड कोणत्या हातात होती?’ या दोन प्रश्नांतलं अंतर त्याला वयाच्या अठराव्या वर्षी कळलं, तर एखाद्या निरपराध माणसाचं आयुष्य वाचेल. या विषयाने पोट भरतं का, असं विचारणाऱ्या पालकांना माझं उत्तर हेच आहे: पोट ज्या कामाने भरणार, ते काम या विषयाने जास्त न्यायाचं होईल. शिक्षिका, आशा कार्यकर्ती, ग्रामसेवक, बँकेतला कर्मचारी, यांतल्या कोणाचं काम माणसाच्या मनाला वगळून होतं?

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. हे सगळं तिकडच्या लोकांवरचं ज्ञान आहे. लॉफ्टसचे विद्यार्थी अमेरिकी, फोररचे अमेरिकी, एबिंगहॉसने १८८५ साली विस्मरणावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याच्या प्रयोगांचा प्रयुक्त तो एकटाच. जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली सहा नामांकित नियतकालिकं चाळून दाखवलं, की त्यांतल्या संशोधनातले ९६ टक्के प्रयुक्त जगाच्या जेमतेम १२ टक्के लोकसंख्या असलेल्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. सुरुवातीची ती दोन रेघांची पट्टीसुद्धा सगळ्यांना सारखी फसवत नाही. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी ती आधी टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर आणि मग आपल्या निलगिरीतल्या तोडा लोकांवर वापरून पाहिली, तेव्हा ते युरोपीय माणसांपेक्षा कमी फसले. पुढे १९६६ साली सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी अनेक समाजांतली माहिती एकत्र केली, तेव्हाही समाजासमाजांत बराच फरक दिसला. चौकोनी खोल्या आणि सरळ कोपऱ्यांत वाढलेला डोळा जास्त फसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कारणाबद्दल अजून वाद आहे. म्हणजे आक्षेप खरा आहे. पण तो कोणी उघडा केला, हेही पाहायला हवं. मोजण्याच्या त्याच पद्धतीने तो उघडा पडला. पद्धत परकी म्हणून टाकून दिली, तर परकेपणा दाखवून द्यायलाही काही हातात राहत नाही.

आपल्याकडे हे ओळखणारे अभ्यासक झाले. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत कोणाला हवी ते ओळखण्यासाठी, बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. ती भाषांतर करून आपल्या मुलांपुढे ठेवली असती तर मुलांचं अज्ञान मोजलं गेलं असतं आणि त्याला बुद्धी म्हटलं गेलं असतं. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्या चाचणीची नव्याने मांडणी केली. त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं. पुण्यात १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, तिथेही बुद्धीच्या मापनाचं काम मराठी मुलांसाठी झालं. मराठी वर्गातल्या बुद्धिमत्तेच्या प्रकरणात ही नावं बिने यांच्या शेजारी यावीत. अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ साली उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना विचारलेला प्रश्नही तिथेच यावा. उत्तरेत जिथे बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. अमुक गाव उत्तरेत आहे, बर्फही आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? शेतकरी म्हणाले, आम्ही तिकडे गेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा. चाचणीच्या कागदावर हे उत्तर चूक ठरतं. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष न देणारा हा शेतकरी मला मात्र घनसावंगी तालुक्यातल्या कोणत्याही पारावर भेटेल असं वाटतं, आणि त्याला कमी बुद्धीचा म्हणायला जीभ धजत नाही.

आणि मग ऊस. २०१३ साली आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डर शफीर आणि जियाइंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो इंग्रजीत आहे, परदेशी विद्यापीठांत वाचला जातो, आणि तीर्थपुरीच्या विद्यार्थ्याइतका तो कोणालाच घरचा वाटणार नाही. ऊस शेतात उभा असतो तेव्हा हात रिकामा असतो. सोनं गहाण असतं, उसनवारी झालेली असते, खताची उधारी थकलेली असते. ऊस तुटला, पैसे आले, की काही महिने मोकळा श्वास. अभ्यासकांनी त्याच शेतकऱ्यांना ऊसतोडीच्या आधी आणि नंतर अशा दोन वेळा तेच प्रकार सोडवायला दिले: आकृत्यांचा क्रम ओळखणं, आणि आकड्यांचा एक खेळ. कागदावर ‘५ ५ ५’ लिहिलेलं असतं. तोंडाशी पाच येतं, पण सांगायचं असतं किती आकडे आहेत ते, म्हणजे तीन. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आकडे घेतले. पैसे येण्याआधी तीच माणसं जास्त वेळ घेत होती, जास्त चुकत होती. कोणाला वाटेल, हंगाम बदलला म्हणून फरक पडला असेल. पण कारखान्याची गाळपाची ताकद मर्यादित असते, सगळ्यांचा ऊस एकदम तुटत नाही. ज्याचा नंबर आधी लागला आणि ज्याचा महिन्याने लागला, अशांची एकाच काळात तुलना करता आली. नंबर लागणं म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकाला समजावून सांगावं लागेल. या गावात ऊसतोडीच्या टोळीची वाट पाहणाऱ्या घरातलं पोर ते समजावून सांगेल. उसाचे पैसे १४ दिवसांत मिळावेत असा १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. तो पाळला गेला नाही तर रकमेचं नुकसान होतं, हे सगळे जाणतात. त्या दिवसांत माणसाचं लक्ष, निर्णय, मुलांशी बोलणं यांचंही काही जातं का, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. कचेरीत अर्ज चुकवणाऱ्या शेतकऱ्याला ‘याला समजतच नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावा असा तो आहे.

या अभ्यासावरही टीका झाली, आणि ती वर्गापासून लपवायची नाही. आकडेमोडीवर आक्षेप आले. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर केलेल्या अशाच एका अभ्यासात, २०१६ साली, बौद्धिक कामगिरीत फरक आढळला नाही. त्याहून मोठा धक्का २०१५चा. नावाजलेल्या नियतकालिकांतले १०० अभ्यास वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांनाच संख्याशास्त्राच्या कसोटीवर पहिल्यासारखा निकाल मिळाला. मग असा डळमळीत विषय कोवळ्या मुलांना शिकवायचा कशाला, असं विचारलं जातं. मला हा त्या विषयाचा सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो. आपल्याच घरातलं धान्य पुन्हा वजनाला लावून, तूट निघाली तेव्हा ती जाहीर करणारी विद्याशाखा विद्यार्थ्याला जे शिकवते, ते कोणताही पक्का निष्कर्ष शिकवू शकत नाही. पाठ्यपुस्तकात मात्र ही बाजू क्वचितच पुरेशी येते. तिथे प्रयोग एकदा होतो, सिद्ध होतो आणि चौकटीत बसतो. ती चौकट शिक्षकाने तोंडी तरी मोडावी.

अर्धवट ज्ञानाची भीती मला सगळ्यांत जास्त विचारात पाडते. लक्षणांचं प्रकरण वाचलं, की विद्यार्थ्याला ती लक्षणं स्वतःत दिसतात, मग मित्रात, मग आईत. ‘तो डिप्रेशनमध्ये आहे’ हे वाक्य एखाद्या धड्याच्या जोरावर कोणालाही चिकटवता येतं. हा धोका खरा आहे. पण गावात शिक्के आधीपासून आहेत: वेडसर, मेंटल, बाहेरचं झालेलं, कामचुकार. अभ्यासक्रम नसला तर शिक्के थांबतात असं होत नाही. ते तपासणारं कोणी नसतं, इतकंच. म्हणून पहिल्याच अभ्यासक्रमात एक हद्द स्पष्ट आखून द्यावी. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी निदान करत नाही. तो ऐकतो, दखल घेतो, आणि योग्य माणसापर्यंत पोचवतो. मराठवाड्यात ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. शेतकरी आत्महत्यांनी इथली किती घरं मोडली ते इथल्या वर्गाला सांगावं लागत नाही. काही बाकांवर ते दुःख बसलेलं असतं, आणि शिक्षकाने ते लक्षात ठेवूनच तो धडा उघडावा. राज्य सरकारने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला तो मराठवाडा-विदर्भातल्या अशाच जिल्ह्यांसाठी, जालन्यासह. त्यात घरोघर जाऊन विचारपूस करायचं काम आशा कार्यकर्त्यांकडे आलं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालावं, त्याला गुन्हेगार मानून शिक्षा करू नये. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, दिवसरात्र चालणारा, मोफत, मराठीतही बोलता येईल असा. फ्रॉइडच्या पुस्तकाचं साल पाठ असलेल्या विद्यार्थ्याला हा क्रमांक पाठ नसेल, तर अभ्यासक्रमाचं काहीतरी चुकलं आहे.

म्हणून हा विषय शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे, तीर्थपुरीतल्या आणि अशा प्रत्येक गावातल्या. विद्यापीठाने नेमलेला अभ्यासक्रम तुमच्या हातात नसतो, हे खरं. प्रात्यक्षिकाची वही मात्र असते. तिच्या प्रत्येक पानावर डावीकडे अंदाजाचा रकाना ठेवा, आणि दरवर्षी निदान एक प्रात्यक्षिक गावातलं घ्या. जबाबात शब्द बदलला तर आठवण बदलते का, राशिभविष्याला वर्ग पाचापैकी किती गुण देतो, आकड्यांच्या खेळात तोडीआधी आणि तोडीनंतर घरची माणसं किती वेळ घेतात. त्यांची परवानगी घेऊन, नावं न लिहिता. निकाल काय आला ते मराठीत लिहून ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीची मुलं तेच पुन्हा करून ते टिकतं का पाहतील. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. आकड्यांचे कागद हाताने लिहिता येतात, आणि वेळ मोजायचं घड्याळ आता जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतं.